रात्रभर खाजवलं, तरी स्लीप स्कोअर ८४!

मनगटावरचं स्मार्टवॉच आपल्या झोपेला मार्क देतं. पण इसब असलेल्या लहान मुलाची रात्र त्याला कळते का? डोंबिवलीतल्या एका घरात हे करून पाहिलं. प्रयोग फसला, आणि तो का फसला हे शोधताना खाज मोजण्याची पन्नास वर्षांची गोष्ट हाती लागली.

सकाळी उठल्यावर झोप कशी झाली, हे तुम्ही स्वतःला विचारता की ॲपला? मी ॲपला विचारते. स्कोअर नव्वदच्या पुढे असला की ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीतही फ्रेश वाटतं. साठ असला की पहिल्या लेक्चरलाच डोळे मिटायला लागतात. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला, "हा रात्रभर खाजवत असतो गं, घरात कुणाला झोप नाही," तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच: मोजून बघूया ना!

माझा मावसभाऊ आठ वर्षांचा आहे. दोन वर्षांचा होता तेव्हापासून त्याला इसब आहे. इसब म्हणजे एक्झिमा. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे आणि मानेवर चट्टे. शनिवारी संध्याकाळी मी माझं जुनं स्मार्टवॉच घेऊन गेले आणि रात्री त्याच्या हाताला बांधलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी थोडा सैलच. पण साहेब जाम खूश. "ताई, हे आता माझं?" म्हटलं, आजच्या रात्रीपुरतं.

सकाळी साडेसहाला ॲप उघडलं. झोप ७ तास ५० मिनिटं. स्कोअर ८४. त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत कौतुकाचा एक शब्द.

उशीच्या अभ्र्यावर मात्र रक्ताचे चार ठिपके होते. चादरीवर पांढरी सालपटं पडली होती. मावशी रात्रीत तीनदा उठली होती. हे मला माहीत होतं, कारण तिसऱ्या वेळी, पावणेतीनच्या सुमारास, मलाही जाग आली होती. झीरोच्या बल्बच्या उजेडात ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले आणि त्याचे दोन्ही हात तिच्या हातात घट्ट धरलेले.

मी तिला स्कोअर दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "बघ, तुझं घड्याळपण डॉक्टरांसारखंच बोलतंय. सगळं छान आहे म्हणे."

हे वाक्य मला लागलं. मी तिच्या मदतीला गेले होते आणि तिला खोटं पाडणारा आणखी एक साक्षीदार घेऊन आले होते.

वांगी बंद, आंबट बंद, खाज चालूच

इसब हा शब्द आपल्याकडे घरोघरी असतो, पण त्याबद्दलची माहिती बहुतेक वेळा शेजारच्या काकूंकडून आलेली असते. आमच्याकडेही तेच झालं. आजी म्हणाली, अंगात उष्णता आहे, वांगी बंद करा. कुणी आंबट बंद करायला सांगितलं. कुणी अंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकायला सांगितला. शाळेत एका मुलाच्या आईने तर आपल्या मुलाची जागाच बदलून घेतली, लागण होईल म्हणून.

आधी हे एक सांगून टाकते: इसब संसर्गजन्य नाही. शेजारी बसून, डबा वाटून खाऊन, हात हातात घेऊन तो होत नाही. लहान मुलांमध्ये जास्त दिसणारा इसबाचा प्रकार म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस. यात त्वचेचा सगळ्यात वरचा थर कच्चा असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे विटा आणि मधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे सिमेंट. हे सिमेंट कमी पडलं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत घुसून त्वचेला चिडवतात. ही भिंत पक्की ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातला दोष आणि हा आजार यांचा थेट संबंध २००६ साली समोर आला. प्रत्येक रुग्णात हाच दोष असतो असं नाही, पण 'रक्त बिघडलंय' या निदानापेक्षा हे बरंच पुढचं आहे.

खाज आली की माणूस खाजवतो, खाजवलं की ती भिंत आणखी ढासळते, आणि मग आणखी खाज येते. हे चक्र रात्री जोरात फिरतं. झोपेत त्वचेचं तापमान थोडं वाढतं, त्वचेतून पाणीही जास्त उडतं. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल हे शरीरातलं संप्रेरक रात्री कमी असतं. दिवसा शाळा, क्रिकेट, कार्टून यांत मन रमलेलं असतं, रात्री तेही नसतं. त्यात ऑक्टोबरचा उकाडा आणि लाइट गेलेली असेल तर विचारायलाच नको.

शून्य ते दहा, खाज किती?

आता डॉक्टरांच्या बाजूने बघा. सरकारी असो की खासगी, गर्दीच्या ओपीडीत एका मुलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. तीही दिवसा. त्या वेळी मूल खुर्चीत शहाण्यासारखं बसलेलं असतं आणि भिंतीवरचा हत्ती बघत असतं. खरा आजार रात्री दोन वाजता येतो, आणि तेव्हा साक्षीला फक्त आई असते.

म्हणून डॉक्टर विचारतात. या आजाराची तीव्रता मोजायला युरोपातल्या डॉक्टरांनी १९९३ साली स्कोरॅड नावाची पद्धत आणली. एकूण गुण १०३. त्यातले २० गुण दोन प्रश्नांना: गेल्या तीन दिवसांत खाज किती, आणि गेल्या तीन रात्रींत झोपमोड किती? दोन्हींची उत्तरं शून्य ते दहा. बाकीचे गुण डॉक्टर स्वतः चट्टे बघून देतात. पण हे वीस गुण सर्वस्वी रुग्णाच्या किंवा त्याच्या आईबाबांच्या शब्दावर असतात.

आणि तो शब्द देणारी व्यक्ती तीन रात्री झोपलेली नसते. मावशीला मी विचारलं, तू किती सांगतेस? म्हणाली, "आधी नऊ सांगायचे. मग बघायचे की ते माझ्याकडे बघतात, आई फार टेन्शन घेते असं. आता सहा सांगते." आजार नवावरून सहावर आलेला नव्हता, फक्त आईने बोलणं कमी केलं होतं.

खाज दिसत नाही. तिला थर्मामीटर नाही, तिचा एक्स-रे निघत नाही. खाजवणं मात्र दिसतं, आणि जे दिसतं ते मोजता येतं. याच कल्पनेवर शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षं काम केलंय.

घड्याळातून खाज मोजणारे डॉक्टर

तुम्हाला वाटेल, हे सगळं स्मार्टवॉच आल्यावर सुरू झालं. तसं नाही. १९७३ साली एडिंबरामधल्या डॉक्टरांनी त्वचाविकाराच्या रुग्णांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं, मेंदूच्या लहरी नोंदवल्या आणि 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. माणूस झोपेच्या प्रत्येक टप्प्यात खाजवतो. हलक्या झोपेत जास्त, गाढ झोपेत कमी. म्हणजे 'झोपलाय म्हणजे खाजवत नाही' हे खरं नाही, आणि 'खाजवतोय म्हणजे जागा आहे' हेही नाही.

दोनच वर्षांनी, १९७५ साली, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या फेलिक्स आणि शुस्टर या दोन संशोधकांनी एक भारी युक्ती केली. त्या काळी हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारी घड्याळं मिळायची. आजोबांच्या कपाटात एखादं असेलही. त्या घड्याळांत बदल करून त्यांनी हालचाल मोजणारे मीटर बनवले आणि रात्री रुग्णांच्या हातापायांना बांधले. रात्री हात जितका हलला तितका आकडा पुढे. मनगटावरच्या फिटनेस बँडचा हा पणजोबाच म्हणायचा.

नव्वदच्या दशकात जपानी डॉक्टरांनी अंधारात दिसणारे इन्फ्रारेड कॅमेरे लावून रुग्णांच्या अख्ख्या रात्रींचं चित्रीकरण केलं. आजही खाजवणं मोजण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत हीच मानतात. पण विचार करा, आठ तासांचा व्हिडिओ कुणीतरी बसून बघायचा आणि प्रत्येक खाजवणं लिहायचं. एका मुलाच्या एका रात्रीला माणसाचा अख्खा दिवस जातो. असं ओपीडीत कोण करणार?

मग ८४ आले कुठून?

आता माझ्या फसलेल्या प्रयोगाकडे. स्मार्टवॉचच्या आत तांदळाच्या काही दाण्यांएवढी एक चिप असते, ॲक्सेलरोमीटर. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांची हालचाल ती मोजते. फोन आडवा केल्यावर स्क्रीन आडवी होते ती याच प्रकारच्या चिपमुळे. हात बराच वेळ शांत राहिला की घड्याळ समजतं, गडी झोपला. सोबत हिरव्या प्रकाशाने नाडीचे ठोके मोजतं आणि या दोन्हींवरून अंदाज बांधतं.

यात पहिली गडबड अशी की शांत पडलेला माणूस झोपलेलाच असेल असं नाही. अशा उपकरणांचा मोठा दोष हाच, की जागेपणी निश्चल पडून राहिलेला वेळही ती झोपेत धरतात. मावशी त्याचे हात धरून बसायची तेव्हा हात हलत नव्हते. घड्याळाच्या दृष्टीने ती सगळ्यात गाढ झोप!

दुसरी गडबड म्हणजे लहान मुलं पुष्कळदा फक्त बोटांनी, नखांनी खाजवतात. तेव्हा मनगट जागचं हलतही नाही. घड्याळ मनगटावर, खाज बोटांत.

तिसरी गडबड माझी. ॲपमध्ये अकाउंट माझंच होतं. वय २२, वजन माझं, उंची माझी. म्हणजे घड्याळाने जे ८४ गुण दिले, ते बावीस वर्षांच्या मुलीला पावणेआठ तास झोपल्याबद्दल दिले होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सांगितलंय. घड्याळाचे तास खरे मानले तरी आठ वर्षांच्या मुलासाठी ते कमीच होते. मशीनला दोष द्यायला निघाले होते, निम्मी चूक माझी निघाली.

मनगटी घड्याळ अगदीच बिनकामाचं आहे असं नाही. त्यात खाजवण्यासाठी खास लिहिलेला प्रोग्राम हवा. ॲपल वॉचवर चालणाऱ्या 'इच ट्रॅकर' नावाच्या अशा ॲपचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झालाय. पण तुमच्या-माझ्या घड्याळातला स्लीप स्कोअर हा खाज ओळखण्यासाठी बनवलेलाच नाही.

रुळाला कान

कल्याण-ठाकुर्लीकडे वाढलेल्यांना हे सांगायला नको, की लोखंडी रुळातून लांबच्या गाडीची थरथर आधीच येते, डोळ्यांना गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या टीमने साधारण याच तत्त्वावर सेन्सर बनवला. त्वचेला चिकटणारी मऊ इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारे जॉन रॉजर्स आणि त्वचारोगतज्ज्ञ शुआई शू यांचं हे काम. तो सेन्सर मनगटावर नाही, हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला बँडेजसारखा चिकटवतात. तो हाताची हालचाल तर टिपतोच, शिवाय नख त्वचेवर घासताना हाडांमधून आणि कातडीतून जी बारीक थरथर येते तीही टिपतो. त्यामुळे फक्त बोटं हलली तरी त्याला कळतं. हात हवेत हलवला आणि हाताने खाजवलं, यातला फरकही कळतो.

२०२१ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये त्यांचा अभ्यास आला. मध्यम ते तीव्र इसब असलेले ११ रुग्ण, त्यात बहुतेक मुलं. ४६ रात्री, एकूण ३७८.४ तास. सेन्सरचं उत्तर आणि डोळ्यांनी बघून लिहिलेलं उत्तर यांची तुलना केली. अचूकता ९९ टक्के!

थांबा, लगेच टाळ्या नकोत. स्टॅट्सच्या लेक्चरला झोपला नसाल तर इथे मजा आहे. त्याच अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत. खरोखर खाजवलं तेव्हा सेन्सरने ते ८४.३ टक्के वेळा पकडलं. खाजवत नव्हता तेव्हा 'नाही' हे ९९.३ टक्के वेळा बरोबर सांगितलं. या तीन आकड्यांवरून मी वहीत ढोबळ गणित मांडलं, तर खाजवण्याचा वेळ एकूण वेळेच्या साधारण दोनच टक्के निघतो. म्हणजे एखाद्या दगडाने रात्रभर 'खाजवत नाही, खाजवत नाही' म्हटलं असतं, तरी त्याला ९८ टक्के मिळाले असते! त्याच हिशोबाने सेन्सर 'खाजवतोय' म्हणतो तेव्हा दहातल्या साधारण तीन वेळा तो चुकलेला असतो. म्हणून ९९ पेक्षा ८४.३ हा आकडा जास्त प्रामाणिक आहे. तरीसुद्धा तो चांगला आकडा आहे. रात्री तीनदा उठलेल्या आईला प्रत्येक खाजवणं आठवेल अशी अपेक्षा कुणी करू शकत नाही.

दोन टक्के म्हणजे रात्रीची फक्त दहाएक मिनिटं. हे वाचून मला आधी वाटलं, एवढंच? मग लक्षात आलं की ही दहा मिनिटं सलग नसतात. अर्ध्या मिनिटाचे तुकडे करून ती रात्रभर पेरा. त्यात कुणाला नीट झोप लागेल?

याच्या पुढचं पाऊल म्हणजे नुसतं मोजणं नाही, तर थांबवणं. २०२३ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात सौम्य इसब असलेल्या दहा जणांच्या हाताला असा सेन्सर लावला. खाजवायला सुरुवात झाली की तो हलकासा थरथरायचा, सायलेंटवरचा फोन वाजतो तसा. रात्रीच्या खाजवण्याच्या प्रसंगांत २८ टक्के घट झाली. दहाच माणसं होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे औषध सापडलं असं म्हणता येणार नाही. दिशा मात्र भारी आहे.

हे सगळं डोंबिवलीच्या क्लिनिकमध्ये आजच्या आज मिळणार नाही. सध्या अशा सेन्सरचा मोठा उपयोग नव्या औषधांच्या चाचण्यांत आहे. औषध घेतल्यावर खाज कमी झाली का, हे विचारण्याऐवजी मोजता येतं.

आणि मावशीचा स्कोअर?

झोपेचे तास मोजून भागत नाही, याचा मोठा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. १९९१-९२ च्या सुमारास ब्रिस्टल परिसरात जन्मलेल्या जवळपास १४ हजार मुलांची माहिती तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं जमवली. २०१९ साली त्यावरून निघालेला निष्कर्ष असा, की इसब असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या झोपेचे एकूण तास जवळपास सारखेच होते. फरक होता झोपेच्या दर्जात. रात्री जाग येणं, झोप लागायला वेळ लागणं, वाईट स्वप्नं पडणं. चालू इसब असलेल्या मुलांमध्ये झोप वाईट असण्याची शक्यता जवळपास दीडपट होती. म्हणजे तास पूर्ण, झोप अपुरी.

त्याच माहितीवर त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. या वेळी ११ हजारांहून जास्त आया आणि त्यांची मुलं. ज्यांच्या मुलांना इसब होता त्या आयांनी झोप लागत नाही, झोप पुरत नाही, दिवसा थकवा येतो, असं जास्त प्रमाणात सांगितलं. आणि मूल रात्री उठतं एवढ्या एका कारणाने तो थकवा समजावता येत नव्हता. मूल झोपलं तरी आई झोपत नाही. ती कान देऊन असते.

हे वाचताना मला मावशी दिसली. ती सकाळी सात वाजून काही मिनिटांची लोकल पकडून ठाण्याला कामावर येते. उभ्याने झोपते. दिव्याला एक डुलकी, कळव्याला दुसरी. तिच्या हाताला कुठलाही सेन्सर नाही, आणि केसपेपरवर तिच्या झोपेसाठी रकाना नाही.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

मग आम्ही न्यूकॅसलवाल्यांइतकी हुशारी नाही, पण जपान्यांची नक्कल करायचं ठरवलं. मावशीचा जुना फोन कपाटावर टेकवला, झीरोचा बल्ब लावला. चेहरा नाही, फक्त हात आणि पाय दिसतील असा अँगल. तीन रात्री. भावाला आधी विचारलं. तो म्हणाला, "पण शाळेच्या ग्रुपवर टाकायचा नाही." कबूल! रविवारी मी आणि मावशीने चहा घेत व्हिडिओ पळवत बघितला आणि वहीत रेघा मारल्या. पहिल्या रात्री ३१, दुसऱ्या रात्री २६. तिसऱ्या रात्री फोनची बॅटरी गेली.

पुढच्या व्हिजिटला मावशीने काही सांगितलंच नाही. वही पुढे केली आणि चाळीस सेकंदांचा तुकडा दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला. मग त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, मलम किती लावता?

इथे खरी गोष्ट बाहेर आली. मावशी मलम वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या अंगाला पसरवत होती. भीती! 'स्टिरॉइड आहे, कातडी पातळ होते' हे तिने ऐकलं होतं. ही भीती पोकळ नाही. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून मिश्र स्टिरॉइड मलमं घेऊन महिनोन्‌महिने लावल्याने कित्येकांच्या त्वचेची वाट लागलीय. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. पण डॉक्टरांनी दिलेलं, ठरावीक ताकदीचं मलम ठरावीक दिवस लावणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं मापही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढी जागा भागते. मावशी त्याच्या पाव हिश्शानेही लावत नव्हती.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. इसब जातो-येतो, उन्हाळ्यात पुन्हा उसळेल. पण महिन्याभराने पुन्हा एक रात्र मोजली तेव्हा वहीत ११ रेघा होत्या. मावशी एकदाच उठली होती. आकड्याने आजार बरा झाला नाही, पण आकडा समोर आल्यावर योग्य प्रश्न विचारला गेला. मला वाटतं, सेन्सरचं काम एवढंच आहे आणि ते लहान नाही.

फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय?

इंजिनीअरिंगवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. ॲक्सेलरोमीटरचं एमपीयू-६०५० हे मॉड्यूल लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतं. सोबत छोटा मायक्रोकंट्रोलर आणि बॅटरी. अटेंडन्सचं ॲप आणि लाइन फॉलोअर रोबो यांच्या पलीकडचा विषय हवा असेल तर हा घ्या. हात हलवणं, कूस बदलणं, पांघरूण ओढणं आणि खाजवणं यांत फरक ओळखून दाखवा. सुरुवात स्वतःच्या हातापासून करा. लहान मुलाला लावायचं असेल तर आधी कॉलेजची नैतिकता समिती, डॉक्टर आणि पालकांची लेखी संमती. प्रेझेंटेशनमध्ये ९९ टक्के दाखवायच्या आधी तो दगड आठवा.

आणि डेटा कुठे जातो ते बघा. एखादं मूल रात्री कधी झोपतं, कधी उठतं, किती खाजवतं, हे त्याचं खासगी आयुष्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे. माझ्या अकाउंटवर भावाची रात्र नोंदवून मी ती भिंत किती सहज ओलांडली, हे मला नंतर कळलं. ती रात्र मी डिलीट केली. व्हिडिओही केले. वही मात्र मावशीकडे आहे.

परवा भावाने विचारलं, "ताई, ते घड्याळ परत कधी आणणार?" म्हटलं, कशाला रे? म्हणाला, "आता बघ ना, मला खरे किती मार्क पडतात."

घरात किंवा रूमवर कुणाला इसब असेल तर

• वहीत रोज चारच गोष्टी लिहा: रात्री किती वेळा उठलात, अंथरुणावर रक्ताचे डाग होते का, कुठलं मलम किती लावलं, त्या दिवशी वेगळं काय घडलं (घाम, नवा साबण, लोकरीचे कपडे).

• नॉटिंगहॅम विद्यापीठाची 'पोएम' ही सात प्रश्नांची प्रश्नावली मोफत मिळते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज, किती रात्री झोपमोड, असे साधे प्रश्न आहेत. डॉक्टरांकडे जाण्याआधी ती भरून न्या.

• मनगटावर चट्टे असतील तर घड्याळ किंवा बँड रात्री बांधू नका. पट्ट्याखाली घाम साचतो आणि खाज वाढते.

• नखं लहान ठेवा, सुती कपडे वापरा, अंघोळीनंतर अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर लावा.

• स्वतःच्या मनाने किंवा मित्राने सांगितलं म्हणून मेडिकलमधून खाजेचं मलम आणू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचाविकार विभाग आहे.

• चट्ट्यांतून पू किंवा पिवळं पाणी येत असेल, ताप असेल किंवा एकदम बारीक फोड आले असतील तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

• आणि त्या घरातल्या आईला एक रात्र सुट्टी द्या. हात धरून बसायला तुम्हालाही येतं.